मदत हवी आहे : १९७१ ची एफसी-१५० पिकअप घरच्या शेडमध्ये उभी करतोय. जुनं पेट्रोल इंजिन ठेवू की डिझेल बसवू?

मंडळी, नमस्कार.

बेळगावच्या पश्चिमेला आमचं गाव. दिवसा उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या वसाहतीत, मिलिंग मशीनवर असतो, रात्री जेवण झाल्यावर आणि रविवारी या गाडीवर. गेल्या दिवाळीनंतर गडहिंग्लजकडून महिंद्राची जुनी एफसी-१५० पिकअप आणली. घराच्या पडवीला लागून पत्र्याची शेड आहे, तिच्यात ती बरोबर बसली. गाडी साडेबारा फुटांच्या आतच आहे.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिला बोनेट नाही. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या वर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मध्ये, झाकणाखाली. विलीसने अमेरिकेत १९५६ च्या शेवटी ही काढली, महिंद्राने आपल्याकडे १९६५ साली आणली. चासी सीजे-५ जीपची, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) ८१ इंच. एवढ्या आखूड गाडीला सहा फुटांचा हौदा मिळाला तो इंजिन केबिनमध्ये घेतल्यामुळेच.

माझा जीव हिच्यात का अडकलाय तेही सांगतो. लहानपणी आमच्या भागातली रताळी असल्याच एका गाडीतून मार्केटला जायची. गाडी दुसऱ्याची, बाबा ड्रायव्हर. पहाटे थंडीत मी मधल्या झाकणावर गोणपाट टाकून बसायचो, खालून इंजिनची ऊब यायची आणि तिथंच डोळा लागायचा. बाबा आता गाडी चालवत नाहीत, पण रोज संध्याकाळी शेडमध्ये खुर्ची टाकून बसतात. त्यांना शेजारी बसवून एकदा चोर्ला घाटातून खाली गोव्याकडे उतरायचं आहे, आणि सुगीत आपलीच रताळी आपल्या गाडीतून न्यायची आहेत.

आता गाडीची अवस्था. केबिन बरी आहे. ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा घासताना निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पांढरा रंग निघाला आणि त्या पांढऱ्यावर हाताने रंगवलेली "कारी" एवढीच अक्षरं राहिली होती. सहकारी असणार. तो तुकडा मी पॉलिश पेपर न लावता तसाच ठेवलाय, त्याच्यावर फक्त क्लिअर मारायचा विचार आहे. केबिनच्या पायाखालचा पत्रा मात्र गेलेला. स्क्रूड्रायव्हर टेकवला की आत जातो.

मागचा हौदा नव्हताच, कुणीतरी कापून विकला असावा. तो मी नवीन करतोय. बाजू आणि फाळका १६ गेज पत्र्याचा, तळाला किंदळाच्या फळ्या आणि दोन फळ्यांमध्ये लोखंडी पट्ट्या. मूळ हौद्याला लाकूड नव्हतं हे माहीत आहे, पण गोण्या ओढायला लाकडाचा तळ बरा. ही एक हौस मी करणार. हौदा चासीला वेल्ड न करता बोल्टनेच बसवतोय.

चासीला मागच्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ दीड इंचाची भेग आहे. एक वेल्डर म्हणतो वरून उभी पट्टी ठोकून देतो, अर्ध्या तासाचं काम. मला ते पटत नाही.

खरा घोळ इंजिनाचा. आत मूळचं हरिकेन एफ-१३४ आहे, चार सिलिंडर, २१९९ सीसी. पण जाम. बघायला येणारा प्रत्येक जण सांगतो, हे काढ, डिझेल घाल, पेट्रोल परवडणार नाही. एकाने तर इंजिनसकट गिअरबॉक्स दाखवला, किंमतही बरी होती. मन होत नाही, पण खर्चाकडे बघितलं की डगमगतो.

कागदाचं असं : आरसी महाराष्ट्राची, मी कर्नाटकात. गाडी पन्नास वर्षांच्या पुढची, म्हणून २०२१ च्या नियमाखाली व्हिंटेज नोंदणी करावी असं डोक्यात आहे. त्यात "व्हीए" असलेला नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. हे माझ्या गाडीला जमेल का? आणि ब्रेक? पेडलने ब्रेकचं तेल दाबणारा मास्टर सिलिंडर एकच, चारही चाकांना एकच लाइन. घाटात एक पाइप फुटला तर पायाखाली काहीच उरत नाही. ज्यांनी जुन्या जीपचं काम केलंय त्यांनी सविस्तर सांगा की.

प्रतिसाद :

भावा, मी निपाणीचा. आयुष्य जीपच्या गॅरेजात गेलं. तुझी पोस्ट दोनदा वाचली. बाबांना नमस्कार सांग.

आधी कागद, कारण इंजिनाचा निर्णय त्यावर आहे. व्हिंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. डिझेल बसवलंस की तो रस्ता बंद. आणि ती नोंदणी मिळाली तरी गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते. धंद्याला तर नाहीच. तुला रताळी न्यायची आहेत ना? मग हा नाद सोड. महाराष्ट्रातल्या आरटीओकडून २८ नंबरच्या फॉर्मवर एनओसी घे, इकडे साधी नोंदणी कर आणि फिटनेस काढ. मालवाहू म्हणून नोंद असेल तर फिटनेस दरवर्षी. डिझेल घालायचं तर तिथंही गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. आरसीवर एक आणि गाडीत दुसरंच असं झालं तर अपघातानंतर विमा कंपनी बोट तिथंच ठेवते.

इंजिन जाम म्हणजे मेलं असं नाही. प्लग काढ, चारही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअरचं पातळ तेल निम्मं-निम्मं सोड आणि आठवडाभर हात लावू नको. मग पुलीच्या नटाला पाना लावून पुढे-मागे हलव. स्टार्टर मारून किंवा ओढून फिरवायचं नाही, रिंगा तुटतात. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतो. बरेचदा ब्लॉकमधलाच गंजून धरलेला असतो, तेव्हा बाजूचं कव्हर काढून तो आधी बघ. बोअर ३ १/८ इंच. बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग तुमच्या उद्यमबागेतच होईल, तुला तर मशीनवाले ओळखीचे. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डबा) जीपचेच, त्यामुळे सामानाला अडत नाही. फक्त पेट्रोल पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घाल. आताच्या वीस टक्केवाल्या पेट्रोलने जुना रबर मऊ पडतो आणि टाकीत पाणी धरतं.

वेल्डरला ती उभी पट्टी मारू देऊ नको. भेग जिथं संपते तिथं छोटं भोक पाड, म्हणजे ती पुढे जाणार नाही. मग भेग व्ही आकारात घासून पूर्ण आतपर्यंत वेल्ड भरायचा. वर पट्टी लावायचीच तर पतंगाच्या आकाराची, आणि चॅनलच्या वरच्या-खालच्या कडेवर आडवा वेल्ड नको. तिथंच ताण असतो, चासी नेमकी तिथून पुन्हा फाटते.

ब्रेकला दोन खान्यांचा टँडम मास्टर सिलिंडर घाल, पुढची-मागची लाइन वेगळी कर. एवढा बदल मी जिवासाठी करतोच, पण फिटनेसला इन्स्पेक्टरला आधी दाखवून. आणि एक लक्षात ठेव : या गाडीचं सगळं वजन पुढे. हौदा रिकामा असताना जोरात ब्रेक मारलास तर मागची चाकं हलकी होतात. बाबांना घेऊन चोर्ला उतरशील तेव्हा हौद्यात चार गोण्या असू देत, आणि चढताना जो गिअर लागतो त्यातच उतर.

धागाकर्त्याचं उत्तर :

काका, फार मोठं काम केलंत. व्हिंटेजचा विषय सोडला. एनओसीसाठी पुढच्या आठवड्यात रजा टाकतोय. डिझेलवाल्याला नको म्हणून फोन केला.

तेल सोडून काल आठ दिवस झाले. रात्री बाबा टॉर्च धरून उभे होते, मी पुलीला पाना लावला. पहिल्यांदा काहीच नाही. मागे दाबून पुन्हा पुढे घेतला तेव्हा कट्ट असा आवाज आला आणि पुली बोटभर सरकली. बाबा म्हणाले, आज एवढंच, जास्त करू नको. तेल पुन्हा भरून ठेवलंय. बाजूचं कव्हर रविवारी काढतो. तीन नंबरच्या सिलिंडरमधलं तेल बाकीच्यांपेक्षा लवकर उतरतंय, ते रिंगांचं समजू की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलाय?