पुस्तक आधी वाचनालयातून आणावं, विकत घ्यायचं ते नंतर

कोयनाकाठ

माझं म्हणणं सरळ आहे. वाचायचं असेल तर पुस्तक वाचनालयातून आणावं, कारण ते परत द्यायचं असतं. माझ्या कपाटात हौसेनं विकत घेतलेली चाळीसेक पुस्तकं न उघडता पडली आहेत. ती कुठे पळून जात नाहीत, त्यामुळे त्यांचा नंबर लागत नाही. वाचनालयातलं पुस्तक मात्र पंधरा दिवसांत संपतंच. पन्नास पानांत मन रमलं नाही तर निमूट परत करते, पैसे वाया गेल्याची चुटपुट नाही. त्या मोकळेपणामुळेच नेपथ्यावरचं, विहिरींवरचं, एका जुन्या सर्कशीवरचं अशी पुस्तकं मी घरी आणली. दुकानात ती हातातसुद्धा घेतली नसती.

गेल्या महिन्यात एक जुनं प्रवासवर्णन आणलं. शेवटच्या पानावर तारखांचा कागद चिकटवलेला. 1983 ते 1989 शिक्क्यांची नुसती दाटी, एका ओळीत तीन-तीन. मग एकदम 1996. मग 2004, जांभळ्या शाईचा, अर्धाच उमटलेला. त्यानंतर थेट माझा. आत 112व्या पानावर एका गावाचं नाव चुकीचं छापलंय, ते कुणीतरी पेन्सिलीनं अगदी हलक्या हातानं दुरुस्त केलंय. 140व्या पानावर पुन्हा तीच चूक, तिथेही तीच पेन्सिल. हा माणूस कोण, हयात आहे की नाही, मला माहीत नाही. पण रात्री साडेअकराला त्या पानावर आम्ही दोघं होतो. हे सुख कोऱ्या प्रतीत कुठून मिळणार?

छापील_बाजू

ताई, लिहिलंय मनापासून, पण मी विरुद्ध बाजूचा. पुस्तकविक्रीत आयुष्य गेलं. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजाराची, हल्ली पाचशेचीही काढतात, आणि तेवढ्या प्रती खपायला वर्षं जातात. लेखकाला मानधन मिळतं ते विकल्या गेलेल्या प्रतींवर. वाचनालयातली एक प्रत शंभर जणांनी वाचली तरी त्याच्या हातात पैसे एकाच प्रतीचे. ब्रिटनमध्ये 1979 साली कायदा झाला, तिथे वाचनालयातून पुस्तक वाचायला नेलं की लेखकाला सरकारकडून थोडी रक्कम मिळते. आपल्याकडे अशी सोय नाही. ज्याची ऐपत नाही त्यानं वाचनालयातून जरूर न्यावं. पण शनिवारी जेवायला बाहेर जाऊन हजार-बाराशे देणाऱ्यांनी तीनशेचं पुस्तक 'बघू, लायब्ररीत येईल' म्हणून टाळलं की मला वाईट वाटतं. आवडता लेखक लिहिता राहायला हवा असेल तर त्याचं पुस्तक विकत घ्या.

देवघेव_खिडकी

छापील_बाजू, मी 'ड' वर्गातल्या, म्हणजे सरकारी अनुदानाच्या सगळ्यात खालच्या वर्गातल्या, वाचनालयात काम करते. ग्रंथपाल मीच, शिपाई मीच, झाडणारीही मीच. तुमच्या हजारातल्या कितीतरी प्रती आमच्यासारख्या वाचनालयांत जातात, हे तुम्हीच जास्त जाणता. खेड्यापाड्यांत पुस्तकाचं दुकान नाहीच. तिथे लेखकाचं नाव पोचतं ते आमच्या रॅकवरून.

आणि एक. नवीन पुस्तक आलं की मी आधी दाखल नोंदवहीत चढवते, दाखल क्रमांक घालते, शिक्के मारते, पाठीवर चिठ्ठी डकवते. तोवर चार जण खिडकीशी 'ते आलं का?' विचारून गेलेले असतात. एका सातवीतल्या मुलीनं रोज येऊन सलग अकरा दिवस हेच विचारलं. त्या मुलीच्या घरी पुस्तक विकत घेण्याचा विषयसुद्धा निघणार नाही.

अर्धपान

मला दोघांचंही पटतंय, तरी मी विकत घेण्याच्याच बाजूनं. माझं कारण वेगळं आहे. चांगलं पुस्तक एकदा वाचून भागत नाही. विसाव्या वर्षी जिथे खूण केली, ती ओळ पंचेचाळिसाव्या वर्षी साधी वाटते आणि तेव्हा जे पान उलटून पुढे गेलो तिथे आता थांबायला होतं. हे कळायला तीच प्रत लागते. पंधरा दिवसांच्या पुस्तकाशी इतकी ओळख होत नाही.

दुसरं म्हणजे घरात पुस्तक पडून असणं ही वाया गेलेली गोष्ट नाही, कोयनाकाठ. वडिलांच्या ट्रंकेत एक पुस्तक तळाशी होतं. त्यांनी ते वाचलं होतं की नाही, देव जाणे. मे महिन्यात, लाइट गेलेले असताना, तेराव्या वर्षी मला ते सापडलं आणि माझं पुढचं शिक्षण त्या वाटेनं गेलं. तुमच्या त्या चाळीस पुस्तकांचा वाचक कदाचित अजून सहा वर्षांचा असेल.

कोयनाकाठ

अर्धपान, हे वाचून थबकले. हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि याला माझ्याकडे उत्तर नाही. पण खुणांबद्दल भांडेन. वाचनालयाच्या पुस्तकातली ओळ जपायची तर ती वहीत उतरवून घ्यावी लागते. माझ्या अशा नऊ वह्या झाल्या आहेत. हातानं उतरवलेलं वाक्य अंगात मुरतं, अधोरेखित केलेलं पुस्तकातच राहतं.

नियमित_सभासद

खुणांचं निघालं म्हणून लिहितो, कारण संताप होतो. रहस्यकथेच्या तिसऱ्या पानावर खुनी कोण ते लिहून ठेवणारे, दिवाळी अंकातलं पाककृतीचं पान ब्लेडनं कापून नेणारे, दुधाच्या पातेल्याखाली पुस्तक ठेवणारे, हे सगळे सभासदच असतात. एका चरित्राची मधली सोळा पानं, अख्खा फर्माच, गायब होती. तक्रार केली तर 'दुसरी प्रत नाही' एवढंच उत्तर. मग शेवटी विकत घेतलं. पेन्सिलवाला सज्जन एक, तर ब्लेडवाले दहा.

ठाणेकर_वाचक

दिवाळी अंकांचं नाव निघालं ते बरं झालं. अंक विकत घेऊन घेऊन किती घेणार, चार? पाच? 'मनोरंजन'नं 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा ढीग वाढतोच आहे. आमच्याकडे वाचनालयाची दिवाळी अंक योजना असते. थोडे जास्त पैसे भरायचे आणि अंक बदलत राहायचे. आईचा हा कार्यक्रम गणपतीपर्यंत चालायचा. पिशवीत दोन अंक, वर छत्री. परतताना जिन्यात शेजारच्या काकू अडवायच्या, 'त्यातली ती कथा वाचलीत का?' अख्ख्या इमारतीत एकच प्रत फिरत असल्यामुळे सगळ्यांचं बोलणं त्याच कथेवर.

ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893चं, मुंबईचं 1898चं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर 1840चं आणि रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828चं. हे सगळं वर्गणीवर, देणग्यांवर आणि फुकट राबणाऱ्या कार्यकर्त्यांवर उभं राहिलं. याचा मला फार अभिमान आहे.

बेळगावी_लोणी

अभिमान बरोबर, पण वर्गणीचं वाचनालय खऱ्या अर्थानं सार्वजनिक म्हणायचं का? सयाजीरावांनी 1910 साली बडोद्यात मोफत ग्रंथालयांची व्यवस्था सुरू केली, त्यात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. कोल्हापूर संस्थानानं 1945 मध्ये ग्रंथालयांचा कायदा केला, देशातला पहिला. आमच्या कर्नाटकात 1965चा कायदा आहे, मालमत्ता करावर ग्रंथालयाचा उपकर बसतो. महाराष्ट्रानं 1967 साली कायदा केला, पण उपकर ठेवला नाही. सरकार अनुदान देतं, बाकीचं संस्थेनं बघायचं. म्हणून देवघेव_खिडकी ताईंना झाडूही मारावा लागतो. उधार पुस्तकाच्या सुखाबद्दल बोलताना ते सुख कुणाच्या पगारातून कापून येतं हेही बोला.

देवघेव_खिडकी

उपकर गोळा झाला तरी तो आमच्यापर्यंत पोचेल का, ही शंका आहेच. पण मुद्दा खरा. पगार अनुदानातून, आणि अनुदान हप्त्यांनी येतं. हप्ता लांबला की किराणा उधारीवर. एवढं असूनही काम सोडवत नाही, ते त्या अकरा दिवसांसारख्या दिवसांमुळे. पण कामाच्या आवडीवर घर चालत नाही, आणि चालावं अशी अपेक्षा कुणी धरू नये.

न्यूजर्सीकर

इथे गावच्या लायब्ररीला वर्गणी नाही. खर्च मुख्यतः करातून निघतो. घरबसल्या पुस्तक राखून ठेवायचं, आलं की निरोप येतो. मराठी पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, ती मी तीन-तीनदा वाचली. भारतातून येताना बॅगेत दहा किलो पुस्तकं आणतो, म्हणजे माझं मत दोन्हीकडे. बेळगावींच्या मुद्द्याला मात्र पूर्ण पाठिंबा. करातून चालणाऱ्या वाचनालयात कुणालाही संकोच न वाटता शिरता येतं.

छापील_बाजू

अकरा दिवसांच्या मुलीबद्दल वाचल्यापासून अस्वस्थ आहे. माझं मत बदललेलं नाही, ज्याला परवडतं त्यानं विकतच घ्यावं. पण माझ्या गोदामात मुखपृष्ठाला डाग पडल्यामुळे परत आलेल्या प्रतींची दोन खोकी आहेत, आतली पानं स्वच्छ. बालसाहित्यही आहे त्यात. देवघेव_खिडकी, तुमच्याकडे पाठवली तर चालतील का?

देवघेव_खिडकी

चालतील, पण आधी यादी पाठवा. एकाच पुस्तकाच्या दोनपेक्षा जास्त प्रती नकोत, रॅकला जागा नाही. वाळवी लागलेलं एकही नको, बाकीच्यांना लागते. बालसाहित्य असेल तेवढं सगळं द्या, सुटीत ते पुरतच नाही. आणि खोकी सोमवारी पोचतील असं पाठवू नका, त्या दिवशी आम्हाला सुट्टी असते.