खेड्यातली गरिबी संपली, तर ऊसतोडीला जातंय कोण?

गोदाकाठ
काल इथे एका साहेबांनी लिहिलं, 'जागतिक बँकच सांगतेय, भारतातली अत्यंत गरिबी १६.२ टक्क्यांवरून २.३ वर आली. आता गरिबीवर पेपर पाडणाऱ्यांनी दुकान बंद करावं.' वाचून डोकं फिरलं. साहेब, तो आकडा माणशी रोज २.१५ डॉलरच्या रेषेचा. २०२५ मध्ये त्याच बँकेने रेषा ३ डॉलरवर नेली आणि २.३ चे ५.३ झाले. माणसं तीच, चूल तीच. शिवाय हे आकडे सरकारच्या घरखर्चाच्या सर्व्हेतले. २०११-१२ ला घरी एकदा येऊन विचारलं होतं, २०२२-२३ ला तीन फेऱ्या केल्या. मधला २०१७-१८ चा सर्व्हे सरकारने बाहेरच येऊ दिला नाही. दोन टोकं घेऊन सरळ रेघ मारायची आणि म्हणायचं, संपली?

आकडेमोड
ते साहेब मीच. ३ डॉलरच्याच रेषेवर २०११-१२ ला २७.१ टक्के गरीब होते, ते बरं गाळलंत! २७ वरून ५ म्हणजे काहीच नाही का? काही लोकांना गरिबी कमी झाल्याचंच दुःख होतं.

खडकाळ रान
टक्केवारी घाला चुलीत. मजूर मिळत नाही त्यावर बोला. कांदा लावायला बाया आणायच्या तर टेम्पो पाठवा, वर चहा-पाणी. फुकट धान्य, लाडक्या बहिणीचे १५००, कोण येतंय खुरपायला?

गोदाकाठ
आलं का फुकट धान्य! २०२२-२३ च्या सर्व्हेत ग्रामीण भागात माणशी महिन्याचा खर्च ३७७३ रुपये होता. फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत धरली तर ३८६०. फरक ८७ रुपयांचा. एवढ्यावर लोक आळशी झाले म्हणे.

आकडेमोड
८७ ही सरासरी आहे हो, त्यात बागायतदारही आले. गरिबाच्या घरात फरक जास्त पडणार.

गोदाकाठ
बरं, दिला तुम्हाला हा मुद्दा. सरासरीत बागायतदार येतात हे तुमच्याच तोंडून वदवलं, तेही काही कमी नाही. मग तळाच्या पाच टक्क्यांचा खर्च बघा, महिना १३७३.

जुना वाचक
गरिबीची रेषा आखताना अर्थतज्ज्ञ दांडेकर-रथांनी १९७१ ला निदान पोटापासून सुरुवात केली होती. माणशी रोज २२५० कॅलरी, १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये. सरकारच्या तेंडुलकर समितीने २००९ ला कॅलरीचा आधारच सोडला. तेव्हा कुणी एवढं भांडलं नाही.

कोयत्याची लेक
आम्ही बीडकडचे. आई-बाप मिळून एक कोयता. दसरा-दिवाळी झाली की घराला कुलूप, मागे म्हाताऱ्या आणि शेळ्या. मुकादमाकडून उचल घेतली की त्यातूनच किराणा, बहिणीचं लग्न, भावाची फी. तुमच्या सर्व्हेत हा सगळा 'खर्च' म्हणून लागतो, म्हणजे आम्ही वर आलो! ती उचल हंगामभर ऊस तोडून फेडायचीय, ते कुठल्या रकान्यात? आणि फुकट धान्य म्हणाल तर तोडीहून आल्यावर आईचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही. पाचटाने बोटं घासून गेलेली. दुकानदार म्हणतो, हात धुऊन ये.

आकडेमोड
वाईट वाटलं. पण एका घरावरून देशाचा निष्कर्ष निघत नाही.

कोयत्याची लेक
एका आकड्यावरून निघतो वाटतं.

खडकाळ रान
कर्ज काय तुम्हालाच आहे? सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता, बाजारात चार हजारांवर कुणी हात लावत नव्हतं. आमचा रकाना कुठाय? वर मजुरी वाढवा म्हणतात.

कोयत्याची लेक
किती देता खुरपायला?

खडकाळ रान
बाईला तीनशे, गड्याला पाचशे. गडी औषध मारतो, गोण्या उचलतो.

कोयत्याची लेक
माझी आई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. पाचशे देत असाल तर पाठवते.

जुना वाचक
मूळ विषय गरिबीची रेषा हा होता. असो.

खडकाळ रान
कधी मोकळ्या होतील? लागवड जानेवारीत उरकायचीय.

कोयत्याची लेक
पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर. मार्च धरा.

खडकाळ रान
मग काढणीलाच या. पण पाचशे नाही परवडत, चारशे देतो.