स्नेपला मी इतकी वर्षं व्हिलन समजत होते, आधीच्या भागांत हे कुठे दिसतं का?

सायलीची_मावशी

नमस्कार मंडळी. मी काही हॅरी पॉटरची फॅन नाही, पुस्तकं एकही वाचलेलं नाही. सिनेमे टीव्हीवर लागायचे तेव्हा पोळ्या करता करता पाच-दहा मिनिटं डोकावून जायचे तेवढंच. त्यात तो काळ्या झग्यातला, तेलकट केसांचा, एकेक शब्द तोलून तोलून बोलणारा मास्तर दिसला की मी म्हणायची हा मेला पहिल्यापासून त्या पोराच्या वाईटावर आहे. या दिवाळीत भाची राहायला आली आणि तिने आठही सिनेमे ओळीने बघायला बसवलं. सहाव्यात त्याने हेडमास्तर डम्बलडोरला मारलं तेव्हा मी म्हटलं बघ, मी म्हणत नव्हते? ती काहीच बोलली नाही, नुसती गप्प बसून राहिली, आणि मला तेव्हा कळलं नाही की ती का गप्प आहे.

मग आठवा. तो मरताना डोळ्यातून पाणी येतं ते हॅरी बाटलीत घेतो आणि त्या आठवणी सुरू होतात, लहानपणची ती दोघं, तो आणि हॅरीची आई लिली, झाडाखाली, मग ती गेल्यावर तिला कवटाळून रडणारा तो, आणि ती चांदीच्या उजेडाची हरिणी. मला रडू आवरेना. भाचीने पाण्याचा ग्लास आणून दिला. रात्री झोप पण नीट लागली नाही, सारखं वाटत होतं एक माणूस सतरा वर्षं हे एकट्याने कसं वागवत असेल आणि आपण त्याला काय काय बोललो.

तर जाणकारांना मनापासून विचारते, हे लेखिकेने आधीपासून ठरवलेलं होतं का शेवटी जोडलं? आणि आधीच्या भागांत खुणा असतील तर कुठे बघू, कारण आता मला पहिल्यापासून परत बघायचंय, या वेळी नीट बसून.

जुनी_खिडकी

ताई, पहिल्याच सिनेमात आहे. क्विडिचच्या (झाडूवर बसून खेळायचा त्यांचा खेळ) मॅचमध्ये हॅरीचा झाडू उधळतो तेव्हा स्नेप त्याच्याकडे टक लावून ओठ हलवत असतो, हॅरीच्या मैत्रिणीला, हर्मायनीला, वाटतं हाच मंत्र टाकतोय म्हणून ती जाऊन त्याचा झगा पेटवते. प्रत्यक्षात तो उलटा मंत्र म्हणत असतो, झाडू उधळवणारा दुसरा मास्तर क्विरेल त्याच स्टँडमध्ये बसलेला असतो. आणि तो लंगडताना दिसतो ना, ते क्विरेलला अडवायला गेला तिथे तीन तोंडाच्या कुत्र्याने पाय फोडला म्हणून.

तिसऱ्यात ल्युपिनचा लांडगा होतो तेव्हा बघा, तिघं पोरं स्नेपच्या मागे आणि तो हात पसरून पुढे. एक मिनिट आधी त्याच पोरांवर चिडलेला होता! (हे पुस्तकात नाही बरं का, तिथे तो तेव्हा बेशुद्ध असतो, सिनेमावाल्यांनी घातलंय, पण मला ते फार आवडतं, विचार न करता हात आपोआप पसरले गेलेत असं वाटतं.) सहाव्यात टॉवरवर जायच्या आधी तो खाली लपलेल्या हॅरीला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला सांगतो आणि हॅरी थांबतो, म्हणजे त्या एका क्षणी त्याने विश्वास ठेवला होता, म्हणून पुढचं त्याला जास्त लागलं.

फॅन लोक अजून एक सांगतात, पहिल्या तासाला स्नेप हॅरीला अ‍ॅस्फोडेलबद्दल विचारतो आणि ते फूल म्हणे लिलीच्या नात्यातलं. मला हे जरा ओढूनताणून वाटतं. वरची तीन पुरेशी आहेत.

पानांत_हरवलेली

सिनेमात त्याचं वय चुकीचं डोक्यात बसतं, म्हणून आधी ते सांगते. अ‍ॅलन रिकमन पहिल्या सिनेमाच्या वेळी पंचावन्नचा होता, पण पुस्तकातला स्नेप तेव्हा एकतीस वर्षांचा आहे. लिली गेली १९८१ साली, तेव्हा दोघंही एकवीसचे. तो मेला तेव्हा अडतीस. हे कळल्यावर मी सातवं पुस्तक परत वाचलं आणि मला तो वेगळाच माणूस दिसायला लागला, ज्याचं सगळं आयुष्य एकवीसाव्या वर्षीच थांबलं.

आणि चूक त्याचीच होती हे पण सिनेमात घाईत जातं. दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टला हरवू शकेल असं मूल जन्मणार ही भविष्यवाणी ऐकून त्याला सांगितली ती स्नेपनेच, त्याला माहीत नव्हतं की ती लिलीच्या मुलाबद्दल निघेल, आणि कळल्यावर व्होल्डेमॉर्टकडे भीक मागितली ती फक्त तिच्यासाठी, नवरा आणि मूल मेले तरी चालतील अशी, तेव्हा डम्बलडोर त्याला तोंडावर म्हणतो की तुझी किळस येते मला. ती गेल्यावर पोराला सांभाळायचं वचन तो देतो पण एका अटीवर, हे कुणालाही कधीही सांगायचं नाही. इतक्या वर्षांनीही तिच्यावर प्रेम आहे का, यावरच्या त्याच्या त्या नेहमी उद्धृत होणाऱ्या 'ऑल्वेज' या उत्तरापेक्षा मला ही अट जास्त मोठी वाटते. प्रेम लपवणारे पुष्कळ असतात, पण आपण चांगलं केलेलं लपवायचं, वर लोकांनी खुनी म्हटलं तरी तोंड उघडायचं नाही, ज्या शाळेत शिकवलं त्याच शाळेतल्या सहकाऱ्यांनी शेवटी हाकलून लावलं तरी नाही! आणि डम्बलडोरला मारणं हे सुद्धा डम्बलडोरनेच सांगितलेलं, त्या शापित अंगठीमुळे त्याच्याकडे एखादंच वर्ष उरलं होतं.

सातव्या पुस्तकात एक बारीकशी जागा आहे जी सिनेमात नाही. स्नेप हेडमास्तर असताना भिंतीवरचं जुनं बोलणारं चित्र हर्मायनीबद्दल ती 'मडब्लड' शिवी (जादू न येणाऱ्या आईबापांच्या मुलांना द्यायची) वापरतं आणि स्नेप ताडकन म्हणतो, तो शब्द वापरू नकोस. खोलीत दुसरं जिवंत माणूस कोणी नाही, कुणाला दाखवायचं नाही. पंधरा-सोळा वर्षांचा असताना हाच शब्द तो लिलीला बोलला होता आणि तिने त्याला कायमचं तोडलं होतं. मी दर वेळी तिथे पुस्तक मिटून जरा थांबते.

खुणांचं विचाराल तर सहाव्या पुस्तकात आहे. टाँक्स नावाच्या जादूगारणीचा पॅट्रोनस (मंत्राने येणारा चांदीच्या उजेडाचा रक्षक प्राणी) प्रेमामुळे बदलून लांडगा होतो आणि स्नेप तिला टोमणा मारतो की जुनाच बरा होता, हा दुबळा दिसतो. वाचताना वाटतं काय हा दुष्टपणा. त्याचा स्वतःचा पॅट्रोनस लिलीसारखी हरिणी आहे हे पुढच्या पुस्तकात कळतं, मग लक्षात येतं तो बोलत कुणाशी होता.

खडू_फळा

मी बावीस वर्षं शाळेत शिकवते, त्यामुळे मला हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. रडू मला पण आलं, पण नेव्हिलला विसरू नका. तेरा वर्षांच्या पोराला जगात सगळ्यात जास्त भीती कशाची, तर त्याच्या मास्तरची. बॉगार्ट, म्हणजे समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती त्याचं रूप घेणारा प्राणी, कपाटातून बाहेर येतो तो स्नेप होऊन. त्या पोराचे आईवडील छळ होऊन कायमचे हॉस्पिटलमध्ये आहेत आणि तरी त्याला भीती वाटते ती वर्गातल्या माणसाची. हर्मायनीचे दात मंत्राने वाढले तेव्हा हा म्हणाला मला काही फरक दिसत नाही. ती पोरगी रडत पळाली.

माझ्या लहानपणी असे एक सर होते, गणिताचे. पुढे कळलं की एका गरीब मुलाची फी ते गुपचूप भरत होते, आणि मला ते ऐकून खरंच भरून आलं, पण फळ्यापुढे उभं राहिल्यावर माझे पाय लटपटायचे ते काही खोटं होत नाही. लोक स्नेपला फणस म्हणतात, वरून काटे आत गोड गरे, मला ते पटत नाही, याच्या गऱ्यांत पण काटे आहेत. एका मेलेल्या बाईवर इतकी निष्ठा आणि समोरच्या जिवंत पोरांवर इतका राग, हे दोन्ही एकाच माणसात आहे म्हणूनच तो मला खरा वाटतो. माफ मी केलं नाही. पण पानांत_हरवलेली यांनी लिहिलेली ती चित्राची जागा मी विसरले होते, ती वाचून मगाशी डोळे पुसले.

रात्रपाळी

ठरवलेलं होतं का, याचं उत्तर स्नेपचं काम करणाऱ्या रिकमनमध्ये आहे. शेवटचं पुस्तक आलं जुलै २००७ मध्ये, तोपर्यंत पाच सिनेमे तयार होऊन थिएटरात लागलेले होते. लेखिकेने त्याला सुरुवातीलाच एक गोष्ट कानात सांगून ठेवली होती, स्नेपच्या मनात काय आहे त्याबद्दलची, आणि ती त्याने एवढी वर्षं स्वतःपाशी ठेवली. म्हणून तो हॅरीकडे बघताना अर्धा सेकंद जास्त थांबतो. आवाज बंद करून फक्त त्याचे डोळे बघा, मी असं एकदा नाईट शिफ्टनंतर पहाटे बघितलंय, सहावा भाग, आणि शेवटी पळताना हॅरी त्याला भेकड म्हणतो तिथे रिमोट खाली ठेवून बसलो होतो. जानेवारी २०१६ मध्ये तो गेला त्या दिवशी घरच्यांना सांगता येईना की मी जेवत का नाहीये.

सायलीची_मावशी

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल भाचीला फोन करून सांगितलं आणि दोघींनी आपापल्या घरी एकाच वेळी पहिला भाग लावला. क्विडिचच्या मॅचला मी पॉज केलं. ओठ हलतायत, पापणी लवत नाहीये, घाबरलाय तो. इतक्या वेळा हा सीन डोळ्यांपुढून गेला होता आणि मी फक्त पेटलेला झगा बघत होते.

खडू_फळा, तुमचं पटलं. वर्गातला सीन आला तेव्हा नेव्हिलकडेच बघत होते. भाचीला विचारलं तू सहाव्याच्या वेळी गप्प का बसलीस, आधीच सांगायचं ना मला. तर म्हणते, मावशी, त्याने नको सांगू म्हटलं होतं ना.