मदत हवी आहे: मँटल घट्ट की पातळ? लेकीचे मार्क कापले, सोमवारी परत समजवायचंय

नववीवालीची_आई, इंदूर

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, शाळेत मागच्या शनिवारी सायन्स एक्झिबिशन होतं आणि तिने पृथ्वीच्या पोटाचं मॉडेल केलं होतं. थर्माकोलचा मोठा गोळा आणला, पाव भाग कापून काढला, आत कवच, मँटल (कवच आणि गाभ्याच्या मधला जाड थर), बाहेरचा गाभा, आतला गाभा असे रंग दिले. कापताना जे पांढरे दाणे उडाले ते अजून सोफ्याच्या फटीतून निघतायत, ते जाऊ दे. तर तिने मँटलवर चिठ्ठी लावली, "घट्ट खडक, २९०० किलोमीटरपर्यंत". तपासायला आलेल्या मॅडम म्हणाल्या हे चूक आहे, मँटल वितळलेलं असतं, नाहीतर ज्वालामुखीतून लाव्हा कुठून येतो आणि प्लेट्स, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या थराचे सरकणारे मोठे तुकडे, तरंगतात कशावर? पाच मार्क गेले. येताना स्कूटरवर मागे बसून एक शब्द बोलली नाही, सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊ म्हटलं तर नको म्हणाली, यावरून समजा.

आता वर्गशिक्षिकेने सांगितलंय की सोमवारी पाच मिनिटं वर्गासमोर सिद्ध करून दाखव. मी कॉमर्सवाली. मला स्वतःला पुस्तकातलं केशरी चित्र बघून वाटायचं की खाली सगळं कढईतल्या पाकासारखं रटरटत असणार. लेक म्हणते नाही, घट्टच आहे, पण वाहतं. आता घट्ट आहे तर वाहतं कसं, आणि वाहतं तर घट्ट कसं, हे तिलाही धड सांगता येत नाहीये आणि मला तर नाहीच. कोणी सोप्या मराठीत सांगाल का? आणि वर्गात दाखवता येईल असं काहीतरी हवंय, नुसतं बोलून त्या पोरांना पटणार नाही.

*

पोहे_जलेबी_शेव

अहो ताई सोडा ना, मॅडम बरोबरच आहेत, खाली सगळा लाव्हाच आहे. आपली माळव्याची काळी माती लाव्हाचीच, ती काय आकाशातून पडली का? सॉरी लिहायला सांगा आणि विषय संपवा भिया.

*

बोअरवाला_मास्तर, इंदूर

सॉरी बिलकुल लिहू नका. पोरगी शंभर टक्के बरोबर आहे. जिऑलॉजीत एमएस्सी केलंय, हल्ली बोअरच्या जागा दाखवतो, म्हणून हक्काने बोलतोय.

मँटल घट्ट आहे हे कोणी खाली जाऊन बघितलेलं नाही. माणसाने खोदलेलं सगळ्यात खोल भोक रशियातल्या कोलाचं, ते १२ किलोमीटर २६२ मीटरवर थांबलं, म्हणजे खंडाचं कवचसुद्धा पार झालं नाही, ते ३५-४० किलोमीटर जाड असतं. आपल्याला कळलं ते भूकंपावरून. भूकंप झाला की दोन प्रकारच्या लाटा जमिनीच्या आतून जातात. एक पी वेव्ह, ती ढकलाढकलीची, शंटिंगमध्ये इंजिनाने धक्का दिला की एकेक डबा पुढच्याला ढकलतो ना, तशी. दुसरी एस वेव्ह, ती आडवी, दोरीचं एक टोक धरून झटका दिला की वळवळ पुढे जाते तशी. ही एस वेव्ह पातळ पदार्थातून जाऊच शकत नाही कारण पाण्याला आडवं सरकवलं तर ते परत जागेवर यायला ओढत नाही, सरळ सरकून जातं. आणि मँटलमधून एस वेव्ह आरामात जाते, थेट २९०० किलोमीटर खोलपर्यंत. त्याच्या खाली अडते, कारण बाहेरचा गाभा खरंच पातळ आहे, वितळलेलं लोखंड-निकेल. म्हणजे मॅडमना जे पातळ हवंय ते आहे, पण मँटलच्या खाली आहे.

आणि यात आपला पण हात आहे बरं का. रिचर्ड ओल्डहॅम नावाचा माणूस जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियात होता, १८९७ च्या आसामच्या मोठ्या भूकंपाच्या नोंदींवरून त्याने या लाटा वेगवेगळ्या ओळखल्या, आणि १९०६ मध्ये पृथ्वीला वेगळा गाभा आहे हे दाखवलं. हे मॅडमना सांगा, गप्प बसतील.

*

नववीवालीची_आई

गप्प नाही बसवायचं हो, पोरीला त्याच शाळेत अजून तीन वर्षं काढायचीत. पण धन्यवाद, दोरीवालं समजलं, तिने आत्ताच ओढणी घेऊन दाखवलं. पण माझा प्रश्न तिथेच आहे. घट्ट दगड वाहतो कसा? आणि लाव्हा मग येतो कुठून?

*

अलकापुरी_बडोदा

थोडं विषयांतर. २६ जानेवारी २००१ ला आम्ही बडोद्यात शाळेच्या ग्राउंडवर झेंडावंदनाला उभे होतो, पावणेनऊच्या सुमारास, आणि झेंड्याचा खांब हलायला लागला, आधी वाटलं वारा आहे. भुज कुठे, आम्ही कुठे, तरी इतकं हललं. तेव्हापासून खाली घट्ट आहे म्हणा की पातळ, माझा तर जमिनीवर विश्वासच नाही. बाकी आमचा पावागढ पण त्याच लाव्हाचा ना मास्तर?

*

बोअरवाला_मास्तर, इंदूर

हो, पावागढ डेक्कन ट्रॅपचाच, म्हणजे दख्खनच्या लाव्हा थरांचाच, फक्त वरच्या भागात रायोलाइट नावाचा लाव्हाचा दगड आहे, तो आपल्या काळ्या पत्थरापेक्षा, म्हणजे बेसॉल्टपेक्षा, वेगळा. पण भुजवर नको घसरायला, ताईंचा सोमवार जवळ आलाय.

ताई, लाव्हाचं आधी घ्या, ते सोपं आहे, कुकर आहे ना घरी? उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशाला उकळतं. कुकरमध्ये दाब असतो म्हणून १२० च्या आसपास गेलं तरी ते उकळत नाही, दबून बसतं. मँटलचं तेच. १०० किलोमीटर खाली साधारण १३०० अंश तापमान आहे, इतक्या तापमानाला वर ठेवलं तर तो खडक वितळायला लागेल, पण तिथे दाब आपल्या हवेच्या ३० हजार पट आहे. अणूंना पसरायला जागाच नाही, म्हणून घट्टच राहतो. आता हाच गरम घट्ट खडक हळूहळू वर सरकला की दाब उतरतो, उष्णता तेवढीच असते, आणि मग त्यातला थोडासा भाग वितळतो. जास्त गरम केल्यामुळे नाही, दाब काढल्यामुळे. वर्गात कुकरची शिट्टी उचलून दाखवायला मात्र जाऊ देऊ नका, तोंडी सांगायचं.

तोही सगळा वितळत नाही. लहानपणी ऑरेंज बर्फाची कांडी चोखायचो, रंग आणि गोडवा आधी तोंडात येतो, काडीला पांढरा बर्फ उरतो, बघा आठवून. मँटलच्या खडकातून असा सोपा वितळणारा भाग आधी सुटतो, तो वर आला की बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारत रियुनियन बेटाखालच्या गरम जागेवरून सरकत होता तेव्हा हे प्रचंड प्रमाणात झालं, तेच आपलं माळवा, तोच महाराष्ट्र. पातालपाणीला गेलात तर धबधब्याच्या कड्यात एकावर एक थर दिसतात, बोअर मारतानाही काळा पत्थर, काळा पत्थर, मग मध्येच लाल मातीचा पट्टा, मग परत काळा. तो लाल पट्टा म्हणजे दोन लाव्हांच्या मधल्या सुट्टीत वरचा दगड कुजून झालेली माती. पोहेवाले भाऊ, म्हणजे काळी माती लाव्हाची हे तुमचं बरोबर, पण त्यासाठी खाली समुद्र भरलेला असायची गरज नाही.

*

पोहे_जलेबी_शेव

ठीक आहे मास्तर, मानलं. पण घट्ट वाहतं कसं ते अजून सांगितलं नाहीत, हे मी नोंदवून ठेवतो.

*

ग्वाल्हेरची_सून

हिमनदी! आम्ही गंगोत्रीला गेलो होतो, बर्फ दगडासारखा कडक, काठीने ठोकला तर काठी परत येते, तरी ती हिमनदी वर्षभरात काही मीटर खाली सरकतेच. वितळून नाही, घट्टच सरकते. मँटलचं असंच शिकले होते कॉलेजात. आणि मँटलचा नमुना बघायचा तर आपल्याच राज्यात पन्न्याजवळ मझगवाँची हिऱ्याची खाण आहे, हिरे साधारण १५० किलोमीटरहून खोल बनतात, ते वर आले कारण खालून फुटून आलेल्या खडकाने त्यांना वर आणून टाकलं. मुलीला हे सांगा, हिऱ्याचं नाव काढलं की वर्ग ऐकतो.

*

नववीवालीची_आई

हिमनदी मस्त आहे पण वर्गात कशी नेऊ? गुळाची ढेप चालेल का? आमच्या सासूबाई म्हणाल्या की बत्त्याने हाणली तर खळकन फुटते, पण उन्हाळ्यात डब्यात राहिली की बसते, डब्याचा आकार घेते.

*

बोअरवाला_मास्तर, इंदूर

सासूबाईंना नमस्कार, डोकं चांगलं आहे. पण एक अडचण आहे, गूळ दमट हवेत पाणी ओढतो, ओला होऊन मऊ पडतो, मॅडम नेमकं तेच म्हणतील की बघा ओलं आहे म्हणून वाहतं. मँटलचा खडक कोरडा ठणठणीत, वरच्या भागात तर मुख्यतः ऑलिव्हिन नावाच्या हिरवट खनिजाच्या स्फटिकांचा. त्यात होतं असं की स्फटिकातली अणूंची रांग कुठेही शंभर टक्के नीट नसते, मध्ये मध्ये जागा रिकाम्या, ओळी चुकलेल्या. सतत दाब राहिला आणि खडक वितळायच्या तापमानाच्या जवळपास असला की अणू एकेक करून त्या रिकाम्या जागेत सरकतात, चुकलेली ओळ एक घर पुढे जाते. सिनेमाहॉलमध्ये रांगेत एक खुर्ची रिकामी असली की सगळे एकेक खुर्ची सरकतात ना, शेवटी अख्खी रांग सरकलेली असते पण उठून पळालेलं कोणीच नसतं. याला क्रीप म्हणतात.

म्हणून प्रश्न घट्ट की पातळ असा नाहीच, किती वेळ देऊन विचारताय हा आहे. भूकंपाची लाट काही सेकंदांत येऊन जाते, तेवढ्यात अणू सरकायला वेळच नाही, म्हणून मँटल दगडासारखं वागतं. हजारो-लाखो वर्षं वजन ठेवा, मग तेच वाहतं. स्वीडन-फिनलंडच्या बाजूला हिमयुगात किलोमीटरच्या किलोमीटर जाड बर्फ बसलेला होता, त्याने जमीन खाली दाबली, बर्फ जाऊन १० हजार वर्षं झाली तरी बॉथनियाच्या आखाताजवळची जमीन अजून वर्षाला जवळपास १ सेंटीमीटर वर येतेय. कारण खालचं मँटल परत भरत येतंय, त्याच्या सवडीने.

दाखवायला मेणबत्ती घ्या. मेण ५५-६० अंशाला वितळतं, पण ४० अंशाच्या उबेत आडवी धरून ठेवली की न वितळता वाकते. एक टोक पुस्तकांच्या खाली दाबा, बाकीची हवेत.

*

नववीवालीची_आई

मास्तर, तुमचा मेसेज वाचून माळ्यावर चढले. मागच्या दिवाळीत उरलेल्या मेणबत्त्या एका डब्यात टाकल्या होत्या, वर पत्रा, मे महिन्यात तिथे काय भट्टी असते तुम्हाला माहितीये. त्यातली एक उंच मेणबत्ती डब्यात मावत नव्हती म्हणून तिरकी कडेला टेकवून ठेवली होती, ती धनुष्यासारखी वाकलेली मिळाली! आणि गंमत म्हणजे तिच्यावरच्या पिळाच्या रेघा जशाच्या तशा, वात जागेवर, डब्याच्या तळाला मेणाचा एक थेंब नाही. म्हणजे वितळलीच नाही ना. लेक दोन मिनिटं ती हातात घेऊन नुसती फिरवत होती. मग तिने दुसरी वाकडी मेणबत्ती घेऊन कट्टकन मोडून दाखवली, म्हणाली ही एस वेव्ह, आणि ही पहिली म्हणजे लाख वर्षं. सासूबाई म्हणाल्या देवाची मेणबत्ती मोडू नये, पण चेहऱ्यावर कौतुक होतं.

एक सरळ मेणबत्ती इन्व्हर्टरच्या वर पण लावलीय, बघू सोमवारपर्यंत किती वाकते. आता शेवटचं, तरंगतात कशावर हे मॅडम विचारणारच.

*

बोअरवाला_मास्तर, इंदूर

एक दुरुस्ती आधीच करून ठेवा, प्लेट म्हणजे नुसतं कवच नाही. कवच आणि त्याला चिकटलेला मँटलचा वरचा थंड कडक भाग, मिळून साधारण १०० किलोमीटर, ही प्लेट. त्याखाली गरम, मऊसर, पण घट्टच मँटल, त्यात वितळलेलं असलं तर किंचित. त्यावर प्लेट सरकते. आणि ती खालचं उकळतंय म्हणून वाहून जाते एवढंच खरं नाही. समुद्राखालची प्लेट जुनी झाली की थंड आणि जड होते, काठावरून मँटलमध्ये बुडायला लागते, आणि बुडणारा भाग मागच्याला ओढतो. दोरीवर वाळत घातलेली ओली गोधडी एका बाजूला जास्त लोंबली की बाकीची आपोआप सरकते, तसं. आपला भारत एकेकाळी वर्षाला १५ सेंटीमीटरहून जोरात पळत होता, साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला, आता ५ च्या आसपास आलाय.

*

पोहे_जलेबी_शेव

ताई, मी पहिल्या कमेंटबद्दल सॉरी लिहितो, पोरीला सांगा. गोधडीवालं मी आज ऑफिसात चार जणांना ऐकवलं.

*

नववीवालीची_आई

सांगितलं, हसली. इन्व्हर्टरवालीचं टोक आज सकाळी दोन बोटं खाली आलंय, मी पट्टीने मोजलं, ऑफिसला उशीर झाला. आता लेकीला केशरी रंग खटकायला लागलाय, म्हणते त्या रंगामुळेच सगळे पातळ समजतात, ऑलिव्हिन हिरवा असतो तर मँटल मेंदीसारखं हिरवं रंगवणार. घरातला हिरवा कवच आणि झाडं करण्यात संपला. खजूरी बाजारात रविवारी दुकानं उघडी असतात का, पोस्टर कलरची मोठी बाटली हवीय, कोणाला माहीत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.