सल्ला हवा : डिझेल व्हॅनचं फिरतं घर, कंपनीचं 'कॅम्पेन' आधी की गॅरेज? (बजेट ४० हजार, खरंच ४०)

रावेरकर_८४
नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास चाळीसगावच्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून डिझेल व्हॅन घेतली. १७ सीटर, २०२१ ची, बीएस-६, १ लाख १२ हजार किलोमीटर. सीटा काढून आत घर केलं : दोन पेटीपलंग, २०० लिटरची पाण्याची टाकी, शेगडी आणि (हसू नका) आईच्या हट्टापायी काळ्या कडप्प्याचा ओटा. आरसीवर बदलाची नोंद झाली आहे, तो विषय नको. देवउठनीनंतर आईबाबांना नर्मदा परिक्रमेला न्यायचंय, ओंकारेश्वरहून.

अडचणी अशा. जुन्या मालकाने परवा एक पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, कंपनीचं. स्टिअरिंगच्या एका जोडाचा बोल्ट तपासून मोफत बदलणार म्हणतात, तेच ते 'कॅम्पेन'. दुसरं, डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या जाळीचा) पिवळा दिवा सारखा येतो. तिसरं, गाडी डावीकडे झुकलेली दिसते. आधी कुठे जाऊ? कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मागच्या धाग्यात ब्रँडवरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

डिझेल_दादा
काय भो, ४० हजारात काय व्हतंय? १ लाखाच्या पुढे गेली म्हणजे क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकदमच टाकून घ्या. गिअरबॉक्स एकदा उतरवला की परत परत मजुरी कोण देणार? टर्बोचा होज, चारही इंजेक्टर तपासून घ्या. टायर सहा. माझ्या गाडीला मागच्या वर्षी १ लाख ८० हजार घातले, आज लोण्यासारखी चालते. डीपीएफ तर काढूनच टाका, रिकामा पाइप लावा, डोकेदुखी संपली.

कायदा_बोला
डिझेलदादा, असले सल्ले उघड्यावर देऊ नका. डीपीएफ काढणं म्हणजे प्रदूषणाच्या यंत्रणेशी छेडछाड, बेकायदा आहे. वर इंजिनच्या ईसीयूत (कॉम्प्युटरमध्ये) खोटं सॉफ्टवेअर भरावं लागतं, मग वॉरंटीही गेली आणि कंपनीवाला हातही लावणार नाही.

रावेरकर, पत्राबद्दल. 'रिकॉल' आणि 'सर्व्हिस कॅम्पेन' यांत फरक आहे. रिकॉल सुरक्षिततेच्या दोषासाठी. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं, नियम एप्रिल २०२१ पासून लागू. ७ वर्षांच्या आतली गाडी असेल तर सरकार कंपनीला सक्तीने रिकॉल करायला लावू शकतं, दंड १० लाख ते १ कोटी. कॅम्पेन म्हणजे कंपनी आपणहून करते ती दुरुस्ती. पुष्कळदा पत्रसुद्धा येत नाही, गाडी वर्कशॉपला गेली की गुपचूप करून देतात. पत्रावर 'सुरक्षा' हा शब्द आहे का बघा. स्टिअरिंगचं काम आहे, मी असतो तर एक दिवस थांबलो नसतो.

टेक्सासचा_अमळनेरकर
इथे अमेरिकेत माझ्याकडे ३८ फुटी डिझेल पुशर (बसएवढं फिरतं घर) आहे. इंजिन मागे, एअर ब्रेक, एअर सस्पेन्शन, आत फ्रिज, वॉशिंग मशीन सगळं. इथे १७ आकडी व्हीआयएन (चासी नंबर) टाकला की एनएचटीएसएच्या (सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या) साइटवर बाकी असलेले रिकॉल दिसतात आणि १५ वर्षांपर्यंत काम फुकट. आपल्याकडे असं कधी होणार?

एमएच१८_वाला
आपल्याकडेही बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर चासी नंबर टाकता येतो साहेब. तिकडूनच सगळं कळतं असं नाही.

टेक्सासचा_अमळनेरकर
बरं बरं. पण एक कामाचं ऐका. मोटरहोमची चासी एकाची असते, घर दुसऱ्याने बांधलेलं असतं. चासीवाल्याचं कॅम्पेन फक्त चासीपुरतं. गॅस, पाणी, आतली वायर, ते बॉडीवाल्याच्या गळ्यात. मला दोघांनी सहा महिने एकमेकांकडे टोलवलं. आणि एअर ड्रायरचं कार्ट्रिज दर दोन-तीन वर्षांनी बदला.

डिझेल_दादा
याच्या गाडीले एअर ब्रेकच नहीत, ड्रायर कुठून आणू?

एमएच१८_वाला
माझा अनुभव लिहितो. तीन वेळा कॅम्पेनसाठी वर्कशॉपला गेलो. पहिल्यांदा "पार्ट आला नाही". दुसऱ्यांदा "सर्व्हर डाऊन". तिसऱ्यांदा काम केलं आणि ९०० रुपये लेबर लावलं! भांडलो तेव्हा काढलं. त्यामुळे आधी फोन करा, चासी नंबर सांगा, पार्ट राखून ठेवायला लावा, आणि जॉब कार्डवर कॅम्पेनचा नंबर लिहून घ्या. नाहीतर सिस्टिमवर 'बाकी'च दिसत राहतं आणि पुढच्या वेळी पुन्हा तीच रामकहाणी. आणि मोबाईल नंबर बदलून घ्या. पत्र आरसीवरच्या जुन्या मालकाला जातं. तुमचा ट्रॅव्हल्सवाला सज्जन निघाला म्हणून कळलं तरी.

मी_चोपडेकरीण
दोन प्रश्न, मगच सल्ला. टाकी आणि ओटा एकाच बाजूला आहेत का? आणि गाडी उभी ठेवून इंजिनवर एसी चालवता का?

रावेरकर_८४
ताई, दोन्हीला हो. टाकी डावीकडे, ओटा त्याच्याच वर. आणि मे महिन्यात शेतात गाडी लावून दुपारभर एसी लावायचो, बाहेर ४५ च्या वर पारा. बाबांना तिथेच झोप लागायची.

मी_चोपडेकरीण
मग वेगळं निदान कशाला हवं.

डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी. अडकलेली काजळी जळायला सायलेन्सर चांगला तापावा लागतो. गाडी उभी, इंजिन आयडलवर, त्यात एसीचा भार : काजळी तयार होते, जळत मात्र नाही. दिवा नुसता पिवळा आणि स्थिर असेल तर हायवेवर २०-२५ मिनिटं चौथ्या गिअरला, २००० च्या वर आरपीएम ठेवून चालवा, मध्ये इंजिन बंद करू नका. तेवढ्याने विझला तर ठीक. लुकलुकायला लागला किंवा इंजिनचा दिवाही आला तर स्कॅनर लावून वर्कशॉपमध्ये जाळून घ्यावं लागेल. आणि आजच डिपस्टिक काढून ऑइलचा वास घ्या. जाळणं अर्धवट राहिलं की जास्तीचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, पातळी वाढलेली दिसते. लोक खूश होतात की ऑइल कमीच होत नाही! तसं असेल तर ऑइल लगेच बदला, आणि डीपीएफसाठीचं कमी राखेचंच टाका, मॅन्युअलमध्ये ग्रेड असते.

आता झुकणं. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. कडप्पा किती बाय किती?

रावेरकर_८४
४ बाय २, एक इंची.

मी_चोपडेकरीण
५० किलो नुसता दगड. खालचं लोखंडी स्टँड, सिलिंडर, भांडी धरा. सगळं डाव्या मागच्या पाट्यावर (चाकावरच्या कमानीच्या स्प्रिंगवर). आधी वजनकाट्यावर जा. पूर्ण भरून, टाकीसकट, आईबाबांसकट. एकदा पूर्ण गाडी, एकदा फक्त मागची चाकं, एकदा फक्त डावी चाकं काट्यावर आणि उजवी बाहेर (जमीन सपाट हवी). पावती आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूशी (भरल्या गाडीच्या कमाल वजनाशी) ताडून पाहा. त्याआधी एक रुपया खर्च करू नका.

भुसावळ_जंक्शन
मी हेच लिहिणार होतो, वजन करा. पाण्याचं वजन लोक धरतच नाहीत. कडप्पा काढा, प्लायवर सनमायका मारा. बाकी रस्ता रावेर, बऱ्हाणपूर, खंडवा असा घ्या. असीरगडाजवळ घाट आहे, खालच्या गिअरला उतरा. निघताना आमच्याकडे थांबा, भरीत-पुरी खाऊन जा, वांगी बामणोदची.

सातपुडा_स्वारी
भरितासाठी डिसेंबरपर्यंत थांबा म्हणावं, थंडीशिवाय वांग्याला चव नाही.

भुसावळ_जंक्शन
कार्तिकात येतात हो वांगी. तुम्ही नंदुरबारकडचे, तुम्हाला काय ठाऊक.

सातपुडा_स्वारी
असू द्या. मुद्द्याचं बोलतो. परिक्रमेत मैया ओलांडता येत नाही, ती कायम उजव्या हाताला. बडवानीला गाडी बंद पडली आणि इंदूरला पार्ट आहे म्हणाले, तर इंदूर पलीकडच्या काठावर. पार्ट तिकडून मागवावा लागेल, गाडी नेता येणार नाही. म्हणून सोबत ठेवा : डिझेल फिल्टर, फॅन बेल्ट, फ्यूज, कूलंट, एक जोडी होज क्लिप. डिझेल फिल्टरच्या तळाचं पाणी निघण्याआधी काढून टाका. डीईएफ (तो युरियाचा निळा कॅन) सीलबंद, दोन पुरेत. उन्हात ठेवू नका, खराब होतो. आणि साधं पाणी घालायचा शहाणपणा नको. ३२.५ टक्के युरियाचं माप चुकलं की सेन्सर ओळखतो. आमच्या भाच्याने केलं होतं. शहाद्याहून टोइंग.

डिझेल_दादा
म्हणून म्हणतो जुनी बीएस-३ बरी होती. हातोडा, पाना आणि बिडी, एवढ्यावर चालू व्हायची.

कायदा_बोला
आणि मागच्या गाडीवाल्याचे डोळे बंद व्हायचे.

मी_चोपडेकरीण
रावेरकर, अजून एक. बॉडीवाल्याने दिवे, पंखे, पंप यांची वायर कुठून घेतली? गाडीच्या मूळ वायरिंगला चिमटे लावून घेतली असेल तर वर्कशॉपला नेण्याआधी सोडवा. बिघाड त्यांचा असला तरी बोट तुमच्या वायरीकडे जाईल. घरासाठी वेगळी बॅटरी आणि मध्ये रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच). आमचं अल्टरनेटर यानेच गेलं होतं, पालच्या जंगलाच्या रस्त्यावर, रात्री ९ वाजता. नवऱ्याने अजूनही तो विषय काढला की मी स्वयंपाकघरात जाते, कारण ती वायर मीच जोडली होती.

डिझेल_दादा
पाटे पूर्ण सेटच टाका दोन्ही बाजूचे, दोन पाटे वाढवून. वजनाचा प्रश्न मिटला.

मी_चोपडेकरीण
नाही मिटत दादा. पाटे वाढवल्याने गाडी सरळ दिसेल, पण ॲक्सल, ब्रेक, टायर तेच राहणार. उतारावर थांबवायचं वजन कमी होत नाही त्याने. ब्रेक ऑइल दोन वर्षांचं झालं असेल तर तेही बदला, ते हवेतली ओल ओढतं आणि घाटात पेडल खाली जातं.

एमएच१८_वाला
+१. कडप्पा काढा.

टेक्सासचा_अमळनेरकर
कडप्पा काढा. इथे कॉम्पोझिटचे ओटे मिळतात, वजनच नाही.

भुसावळ_जंक्शन
मी कडप्प्याचं आधीच लिहिलं होतं.

रावेरकर_८४ (बारा दिवसांनी)
सगळ्यांचे आभार. हिशोब देतो.

काटा केला. पासिंगच्या वजनापेक्षा १९० किलो जास्त, आणि डावी बाजू उजवीपेक्षा २४० किलोने जड. कमानवाल्याने गाडी वर घेतली तर डावीकडचा दोन नंबरचा पाटा तुटलेला, बाहेरून दिसतच नव्हता. दोन्ही बाजूंचे दोन नंबरचे पाटे, बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे टाकले. पूर्ण सेट नाही टाकला, दादा माफ करा.

ऑइलला डिझेलचा वास होता, बदललं. मुक्ताईनगरपर्यंत चौथ्या गिअरला गेलो आणि आलो, येताना वरणगावजवळ दिवा गेला. कॅम्पेन धुळ्याला करून घेतलं. आधी फोन, पार्ट राखून, अर्धा दिवस, शून्य रुपये, जॉब कार्डवर नंबर. मोबाईल नंबरही बदलला. वायर खरंच मूळ लाइनला चिमटे लावून घेतली होती, ती सोडवून बॅटरी वेगळी केली. ब्रेक ऑइल धरून सगळे मिळून ३६ हजार ४००.

आता वजन. टाकी १०० लिटरची केली आणि उजवीकडे नेली. कडप्पा काढायचा विषय आईजवळ काढला. ती म्हणाली, "मग मी कायले येऊ?" बाबांनी मधला मार्ग काढला : परिक्रमेत आश्रमात सतरंजीवरच झोपायचं असतं, पलंग काढा. दोन्ही पेटीपलंग गोठ्यात ठेवले. पुन्हा काटा केला, पासिंगच्या आत ३० किलो. ओटा आहे तिथेच आहे.

डिझेल_दादा
म्हणजे घर बनवलं आणि झोपायला जागा नाही?

रावेरकर_८४
हो.

मी_चोपडेकरीण
पाट्यांचे यू-बोल्ट ५०० किलोमीटरनंतर परत आवळून घ्या. खंडव्याच्या पुढे कुठेतरी येईल ते. आणि ओट्याचा फोटो टाका.

रावेरकर_८४
आवळतो ताई. फोटो उद्या, आत्ता त्यावर आई कळण्याची भाकरी थापतेय. गाडी अजून अंगणातच आहे.