केल्ट लोकांचा चेहरामोहरा आणि ब्रिटनमधील प्राचीन स्थलांतरे

प्रश्न : नवी पेठ, सोलापूर

मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतो. ब्रिटिश राजवटीचा पाठ चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले की, आयर्लंड आणि स्कॉटलंडचे लोक केल्टिक (म्हणजे केल्टिक भाषा बोलणाऱ्या प्राचीन युरोपीय लोकांच्या) वंशाचे असल्यामुळे त्यांचे केस लाल असतात आणि इंग्रज जर्मन वंशाचे असल्यामुळे त्यांचे केस सोनेरी असतात, हे खरे आहे का? आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील काळ्या केसांची माणसे ही १५८८ साली वादळात फुटलेल्या स्पॅनिश आरमारातील खलाशांची संतती होय, असेही तिने वाचले होते. केल्ट हा खरोखरच शरीरावरून ओळखू येणारा मानवसमूह होता का, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, म्हणजे मला पुढील तासाला तिला नीट उत्तर देता येईल.

उत्तर १ : भीमाकाठ

सर, गेल्या दहा-बारा वर्षांत प्राचीन हाडांतील, विशेषतः आतल्या कानाभोवतीच्या टणक हाडातील डीएनए वाचता येऊ लागल्यामुळे हे चित्र बरेच उलगडले आहे. सॉमरसेट परगण्यातील चेडर येथील गुहेत १९०३ साली एक सांगाडा सापडला. तो सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या, शिकार करून जगणाऱ्या माणसाचा आहे. त्याच्या जनुकांवरून २०१८ साली जाहीर झालेल्या अंदाजानुसार त्याची त्वचा गडद, केस काळसर आणि डोळे निळे किंवा हिरवट होते. त्वचेच्या नेमक्या छटेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण निळे डोळे आणि गोरा वर्ण ही जोडी ब्रिटनमध्ये एकत्र आलेली नाही, एवढे त्यावरून दिसते.

इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास शेतकरी आले. त्यांचे दूरचे पूर्वज अनातोलियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील होते. ते शिकाऱ्यांपेक्षा उजळ वर्णाचे होते, पण त्यांचे केस आणि डोळे बहुधा काळसर असत. स्टोनहेंज या दक्षिण इंग्लंडमधील प्रचंड दगडांच्या वर्तुळाची उभारणी याच लोकांनी सुरू केली. मग इसवी सनापूर्वी २४५० नंतर, घंटेच्या आकाराची मातीची भांडी वापरणारे लोक युरोप खंडातून आले आणि त्यांच्यासोबत काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील लोकांचा वारसाही आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार पुढील काही शतकांत ब्रिटनमधील सुमारे ९० टक्के जनुकीय वारसा बदलून गेला. स्टोनहेंज ज्यांनी उभारायला घेतले, त्यांचा आजच्या ब्रिटिश माणसातील वाटा इतका थोडा असावा, ही गोष्ट मला अजूनही थक्क करते.

तिसरी मोठी भर इसवी सनापूर्वी १००० ते ८७५ या काळात, मुख्यतः दक्षिण ब्रिटनमध्ये पडली. केल्टिक भाषा याच लोकांबरोबर आल्या असाव्यात, असे काही अभ्यासकांना वाटते. तथापि हाडांतून भाषा वाचता येत नाही, त्यामुळे हे अनुमानच आहे. रोमन सत्ता गेल्यावर उत्तर जर्मनी, नेदरलँड्स आणि डेन्मार्ककडून अँग्लो-सॅक्सन नावाचे जर्मनिक भाषा बोलणारे लोक आले. २०२२ च्या एका अभ्यासात पूर्व व दक्षिण इंग्लंडमधील त्या काळच्या माणसांत या नव्या वारशाचा वाटा सरासरी ७६ टक्क्यांपर्यंत आढळला.

आता मूळ मुद्दा. ज्यांच्या चारही आजी-आजोबांचा जन्म एकमेकांपासून फार दूर झालेला नव्हता, अशा सुमारे दोन हजार ग्रामीण ब्रिटिशांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वेल्स, स्कॉटलंड, कॉर्नवॉल अशा सर्व केल्टिक प्रदेशांना जोडणारा एकच जनुकीय गट मिळाला नाही. कॉर्नवॉलचे लोक तर वेल्स किंवा स्कॉटलंडपेक्षा इतर इंग्रजांच्या अधिक जवळचे निघाले.

उत्तर २ : साखर पेठेतला विणकर

वरील उत्तराला पुस्ती जोडतो. विद्यार्थिनीला आपल्या शहराचेच उदाहरण द्यावे. सोलापुरात पिढ्यान्‌पिढ्या विणकाम करणारी पद्मशाली कुटुंबे तेलुगू मुलखातून आली; त्यांच्यापैकी कितीतरी घरांत आज तेलुगूबरोबर मराठीही सहज बोलली जाते. मराठी बोलू लागल्याने कुणाचे आजोबा बदलत नाहीत. भाषा एका वाटेने येते, रक्त दुसऱ्या वाटेने, आणि केसांचा रंग तिसऱ्याच.

शरीरावरून वंश ठरवण्याचा हट्ट एकोणिसाव्या शतकात फार बळावला होता. जॉन बेडो या इंग्रज डॉक्टरने केसांच्या आणि डोळ्यांच्या रंगांच्या नोंदी करून काळेपणाचा निर्देशांक काढला आणि १८८५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयरिश लोकांना हीन लेखण्यासाठी अशा मोजमापांचा उपयोग झाला. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्याकडे नाकांची मोजमापे घेऊन जाती उतरंडीने लावल्या, तो याच विचाराचा भाग होता. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या जर्मन मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतील असमानतेवर संशोधन केले तेव्हा तिचा वंशाशी संबंध नाही असा निष्कर्ष त्यांनी मांडला, आणि तोही वंशश्रेष्ठत्वावर विश्वास असलेल्या मार्गदर्शकापुढे. वर्गात हे जरूर सांगावे.

प्रश्नकर्ता : नवी पेठ, सोलापूर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. पण लाल केस आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये इतके आढळतात, त्याचे कारण काय? आणि स्पॅनिश खलाशांच्या कथेत काही तथ्य आहे का?

उत्तर ३ : भीमाकाठ

लाल केसांमागे मुख्यतः एमसी१आर या जनुकाचे काही प्रकार असतात. ते बहुधा आई आणि वडील या दोघांकडूनही यावे लागतात, म्हणून काळ्या केसांच्या जोडप्यालाही लाल केसांचे मूल होऊ शकते. सूर्यप्रकाश कमी असलेल्या उत्तरेकडील प्रदेशात या प्रकारांमुळे येणारी फिकट त्वचा तोट्याची ठरत नाही, त्यामुळे असे प्रकार तेथे टिकले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. त्यासाठी वेगळा वंश मानावा लागत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इसवी सन ९८ च्या सुमारास स्कॉटलंडच्या लोकांचे लाल केस पाहून त्यांना जर्मन ठरवले होते आणि वेल्समधील सिल्युर टोळीचा सावळा वर्ण व कुरळे केस पाहून त्यांना स्पेनचे ठरवले होते. म्हणजे लाल केस ही जर्मनांची खूण, असेच तो म्हणत होता.

आरमाराच्या कथेला आधार नाही. आयर्लंडच्या किनाऱ्याला लागलेले बरेचसे खलाशी बुडाले किंवा मारले गेले. वाचलेल्या थोड्यांमुळे किनारपट्टीचा रंग बदलणे शक्य नव्हते. शिवाय उत्तर आयर्लंडमध्ये बॅलिनाहॅटी येथे पुरलेली एक स्त्री सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची असून तिचे केस काळे आणि डोळे तपकिरी असावेत, असे तिच्या डीएनएवरून दिसते.