व्हिया फेराटा, तीन-चार दिवस, पहिल्यांदाच: सल्ला हवा

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. मी आणि बायको, दोघंही चाळिशीतले, नाशिकरोडला राहतो. पुढच्या वर्षी इटलीतल्या डोलोमाइट्स डोंगरांमध्ये गाईडसोबत तीन-चार दिवस व्हिया फेराटा, म्हणजे कड्याला ठोकलेल्या पोलादी दोराला स्वतःला अडकवून चढायच्या वाटा, करायचं मनात आहे. हरिहर गड तीनदा झालाय, कळसूबाई तर दरवर्षी. दोर लावून चढाई मात्र कधीच केलेली नाही. जमेल का? कुठला भाग धरावा?

कातळवेडी:
दादा, जमेल. हरिहरच्या खोबण्यांत बोटं रोवून जे चढले आणि उतरले, त्यांचं दृष्टिभय, म्हणजे खाली खोल दरी पाहून वाटणारी भीती, बरंच मोडलेलं असतं. सवय करायची ती कॅराबिनरची, म्हणजे उघडझाप होणाऱ्या धातूच्या कडीची. कड्याला पोलादी दोर ठोकलेला असतो आणि थोड्या थोड्या अंतरावर खुंट्या. तुमच्या हार्नेसला (कमरेला-मांड्यांना बांधायचा पट्टा) दोन पट्ट्या, दोन कॅराबिनर. खुंटी आली की एक काढून पलीकडे लावायचा, मगच दुसरा. दोन्ही एकदम कधीच काढायचे नाहीत. पहिल्या संध्याकाळी दमून मी नेमकं तेच करायला गेले होते, गाईडने हात धरला म्हणून निभावलं. निघण्याआधी घरी गॅलरीच्या कठड्यावर रोज दहा मिनिटं सराव करा, खरंच.

आणि त्या पट्ट्यांच्या जागी साधी स्लिंग (नुसती शिवलेली पट्टी) वापरू नका. घसरलं तर माणूस थेट खालच्या खुंटीपर्यंत जातो, झटका फार मोठा बसतो. तो शोषून घेणारा खास सेट लागतो, तोही 40 ते 120 किलो वजनाच्या माणसांसाठीच असतो.

वाटांना ए ते ई अशी श्रेणी असते, ए सगळ्यात सोपी. तुम्ही ए-बी धरा. कोर्तिना गावाजवळ अवेराऊ आणि लागाझुओई हे डोंगर चांगले. लागाझुओईत पहिल्या महायुद्धात सैनिकांनी खोदलेल्या बोगद्यांतून वाट जाते, हेडटॉर्च हवाच. वरची मुक्कामाची झोपडी 2752 मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजारभर मीटर उंच. पहिल्या दिवशी धाप लागेल, घाबरू नका. डोलोमाइट्सच्याच ब्रेंटा या डोंगररांगेतल्या बोक्केट्टे नावाच्या वाटा पुढच्या खेपेला ठेवा, अरुंद कपारींवरून तासन् तास आडवं जावं लागतं.

सह्यभटक्या:
गाईड आंतरराष्ट्रीय पर्वत-मार्गदर्शक बिल्ला असलेलाच घ्या. झोपड्या साधारण जूनअखेर ते सप्टेंबर उघड्या असतात. दुपारी गडगडाट होतो आणि तुम्ही लोखंडाला बांधलेले असता, त्यामुळे पहाटे निघून दुपारच्या आत खाली. विम्यात हेलिकॉप्टरने सुटका आहे का, ते कागदावर वाचून घ्या.

गोदाकाठ:
ताई, दादा, मनापासून आभार. बायको विचारतेय, मध्येच नको वाटलं तर?

कातळवेडी:
वहिनींना सांगा, गाईड त्यांना वेगळ्या दोराने स्वतःशी बांधून नेऊ शकतो. मात्र हे बुकिंग करतानाच सांगा, आणि अर्ध्यातून उतरायला वाट असलेलेच मार्ग मागून घ्या.